लाव्हाखाली गेलेल्या गावातली माणसं कुठे गेली?

प्रश्न: मेक्सिकोतला एक फोटो बघितला, सगळीकडे काळे दगड आणि मधूनच चर्चचा मनोरा वर आलेला. खाली अख्खं गाव आहे म्हणे. आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, सासरे अजून जुन्या गावाचंच नाव सांगतात, त्यामुळे हा फोटो डोक्यातून जाईना. तिथल्या माणसांचं पुढे काय झालं?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, ते गाव म्हणजे मिचोआकान राज्यातलं सान हुआन पारांगारिकूतिरो. 20 फेब्रुवारी 1943 ला तिथून जवळच दिओनिसिओ पुलिदो हा शेतकरी पेरणीसाठी मक्याचं शेत तयार करत होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर जमीन फाटून धूर नि राख यायला लागली. वर्षभरात तिथे तीनशे मीटरहून उंच डोंगर उभा राहिला! हाच पारिकुतिन ज्वालामुखी, 1952 पर्यंत धगधगत होता आणि शेवटी 424 मीटर उंच झाला. लाव्हाने एकही माणूस मेला नाही, कारण तो सावकाश सरकत येत होता, जे तिघं गेले ते उद्रेकात कडाडलेल्या विजांनी. पण पारिकुतिन आणि सान हुआन ही दोन्ही गावं गाडली गेली.

आता तुमचा खरा प्रश्न. 1944 च्या मे महिन्यात सान हुआनची माणसं निघाली ती आपला देव घेऊन, सेन्योर दे लोस मिलाग्रोस, म्हणजे चमत्कारांचा स्वामी, क्रुसावरच्या ख्रिस्ताची मूर्ती. मिरवणुकीने चालत चालत उरुआपान शहराच्या पलीकडे गेले आणि तिथे नवं गाव वसवलं, नाव ठेवलं नुएवो सान हुआन पारांगारिकूतिरो. नुएवो म्हणजे नवं, बाकी एवढं लांबलचक नाव तसंच्या तसं बरोबर नेलं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, घरं गेली शेतं गेली पण देव आणि नाव सुटलं नाही. आजही 14 सप्टेंबरच्या उत्सवाला लांबून भाविक येतात आणि देवासमोर चर्चमध्येच नाचतात, आपल्या वारकऱ्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही.

पोटापाण्याचं म्हणाल तर हा सगळा पुरेपेचा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा डोंगराळ पट्टा, पाइनची जंगलं, आणि हल्ली अवोकाडोच्या बागा. पुरेपेचा भाषेचं जगातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेशी नातं सापडलेलं नाही. नव्या सान हुआनच्या लोकांनी आपलं सामायिक जंगल 1980 च्या दशकापासून स्वतः चालवायला घेतलं, लाकडाची गिरणी, फर्निचर, पाइनचा डिंक, सगळं गावाच्या मालकीचं, आणि तोडलं तिथे परत लावायचं. गावाने मिळून जंगल सांभाळायचं म्हटलं की जगभर या गावाचं उदाहरण देतात, आणि घरदार गेलेल्या माणसांनी हे उभं केलंय याचं मला फार अप्रूप आहे.

खाणं मक्याचं. कोरुंदा म्हणून तिकोनी प्रकार असतो, मक्याचं पीठ मक्याच्याच लांब पानात गुंडाळून वाफवतात, आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण यावी असा, पण गोड नाही, आणि सोबत चुरीपो, लाल मिरचीचा मांसाचा रस्सा.

तो मनोरा बघायला लोक अंगाहुआन गावातून पायी किंवा घोड्यावर जातात. चर्चच्या दुसऱ्या टोकाची वेदीसुद्धा लाव्हातून वाचली आहे, दगडांवरून चढत उतरत माणसं तिथे जातात आणि अजून फुलं वाहतात.