उत्तर: "बिलाचं नंतर बघू" म्हणणाऱ्या कार्यालयाचं भिंतचित्र घ्यावं का?

मालवणच्या ताई, तुम्ही लिहिलंय की जी.डी. आर्ट करून, पुण्याची नोकरी सोडून गावी आलात. एका सरकारी कार्यालयाने तीन भिंती रंगवायला तोंडी सांगितलंय, होमस्टेवालेही विचारतायत, आणि यावर घर चालेल का हा प्रश्न आहे. चालतं. माझं चाललंय. पण त्या तीन भिंतींचं वाचून पोटात गोळाच आला.

प्रायमर, रंग, चौरस फुटाचा दर यावर लिहीत नाही, ते तुम्हाला कळतं. फक्त बिलाबद्दल लिहितो.

आमच्याकडे (तालुका सांगत नाही, कार्यालयही नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात) एका महोत्सवाआधी लांबलचक कंपाउंडवर दशावतार काढायचा होता. मी कार्यादेश, म्हणजे काम दिल्याचं लेखी पत्र, मागितलं. साहेब म्हणाले, महोत्सव तोंडावर आलाय, पत्र मागाहून काढतो. चित्र झालं, पाहुण्यांनी फोटो काढले, साहेबांचा सत्कार झाला आणि मग बदली. नव्या साहेबांचा पहिला प्रश्न: तीन दरपत्रकं कुठायत? मागची तारीख टाकून आणा, असंही तिथल्याच एकाने सुचवलं. मी आणली नाहीत. तुम्हीही आणू नका, ऑडिटला सही तुमची सापडते.

मग एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, तिच्यावरून बिल निघतं. मोजमापाला आलेल्या अभियंत्याने टेप लावून दशावतारातला संकासुर मोजला, लांबी गुणिले उंची. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सरकारी कामांच्या दरसूचीत चित्राची बाबच नव्हती, ऑइल पेंटचे दोन हात होते. म्हणजे संडासाच्या दाराला जो दर, तोच माझ्या गणपतीला. माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे दुसरा रकाना नव्हता. तेवढ्यात मार्च संपला, निधी परत गेला, आणि क्लार्कने गोड आवाजात सांगितलं, "सायब बदलले, आता नवी फायल करूक व्हयी."

फाईल हलली ती माहिती अधिकाराने. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून फाईलवरच्या टिपणीच्या प्रती मागितल्या. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, त्यामुळे ती कुणाच्या टेबलावर निजली होती ते कागदावर आलं. पैसे मिळाले, ऑइल पेंटच्या दराने. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, भाषणात दरवेळी लोककला असते; चित्र काढणाऱ्याच्या बिलासाठी एक रकाना कुणाला सुचू नये?

असो. माझं मत, आणि मी वकील किंवा सीए नाही: जावक क्रमांक असलेला कार्यादेश हातात येईपर्यंत ब्रश बुडवू नका. त्यात 'रंगकाम' नको, 'भिंतचित्र, संकल्पनेसह' असं लिहून घ्या आणि दर एकरकमी किंवा चित्राचा वेगळा. लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी आजच करा, ती फुकट आहे. नोंदणी काम करण्याआधीची असेल तर सूक्ष्म उद्योगांच्या २००६च्या कायद्याचा आधार मिळतो: लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे पैसे अडवता येत नाहीत, करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद सुविधा परिषदेकडे मागायची, म्हणजे याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेकडे. भिंतीवरचं काम म्हणजे 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' (बांधकाम-रंगकामासारखं कंत्राट), त्याला हा कायदा लागू नाही, असा फाटा समोरचे फोडू शकतात. म्हणूनही ते 'रंगकाम' नको.

आणखी एक, जे आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नसतं. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कायद्याने काम देणाऱ्याकडे जातो. उद्या तेच चित्र टी-शर्टवर आलं तर बघत बसाल. दरपत्रकातच लिहा: हक्क चित्रकाराकडे, परवानगी या भिंतीपुरती. सरकारी साहेब हे मान्य करतील असं नाही, रिसॉर्टवाले बहुतेक करतात. चित्राखाली सही मात्र कुणालाही पुसू देऊ नका.

कुणी पीएम विश्वकर्मा या पारंपरिक कारागिरांच्या योजनेतून तीन लाखांचं कर्ज काढून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्या योजनेच्या १८ व्यवसायांत होडी बांधणारा आहे, जाळं विणणारा आहे, खेळणी करणारा आहे (सावंतवाडीकरांची सोय झाली), भिंतचित्रकार नाही.

होमस्टेंची कामं लहान म्हणून सोडू नका. माझा खरा धंदा तिथेच आहे. फक्त मे महिन्याच्या आधी त्यांना भयंकर घाई असते आणि पैसे 'सीझन झाला की'. निम्मे आगाऊ घ्या. रंगाचे डबे त्यांनाच दुकानातून त्यांच्या नावावर उचलायला लावा, नाहीतर तुमची उधारी आधी दुकानात चढते.