अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय कसं मोजायचं?

प्रश्न : माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन १३५० ग्रॅम होतं. आता पाच महिन्यांची आहे, पण मान नीट धरत नाही. उभं धरलं की मात्र पाय ताठ करून चवड्यांवर उभी राहते. सासूबाई म्हणतात, पाय मजबूत आहेत, वॉकर आणा. काय करू?

उत्तर : ताई, आधी वय मोजू या. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. तुमची लेक १० आठवडे आधी आली. पाच महिन्यांचे साधारण २२ आठवडे, त्यातून १० वजा केले की उरतात १२. दोन वर्षांची होईपर्यंत तिची वाढ या सुधारित वयानेच पाहायची. पावणेतीन महिन्यांच्या बाळाची मान डुगडुगणारच. सुधारित चार महिन्यांपर्यंत ती स्थिरावायला हवी. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्या.

खरी काळजी आहे ती चवड्यांची. अशा बाळांचे पाय-पाठीचे स्नायू कधीकधी जास्तच ताठ असतात आणि घरच्यांना तीच ताकद वाटते. उभं धरणं थांबवा, वॉकर नकोच. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अनेक जिल्हा रुग्णालयांतल्या ‘डीईआयसी’ केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) ही तपासणी आणि फिजिओथेरपी मोफत होते.

घरी, ती जागी असताना पोटावर ठेवा : दूध पाजल्यावर अर्ध्या तासाने, दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. छातीखाली टॉवेलची छोटी गुंडाळी आणि कोपरं खांद्यांच्या पुढे. कोपरं मागे राहिली तर जोर लावता येत नाही, म्हणून बाळ चिडतं. तरी रडलीच तर रेलून बसा आणि तुमच्या छातीवर पालथी घ्या. झोपवताना पाठीवरच. झोळीत तासन्‌तास नको. हनुवटी छातीला टेकते, हातपाय हलत नाहीत.

बोलताना चेहरा वीतभर अंतरावर. बोलणं किंवा खुळखुळा, एका वेळी एकच. जांभई, उचकी, तोंड फिरवणं, बोटं ताणणं म्हणजे ती थकली, लगेच थांबा.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी होती. पडद्यातल्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं नसेल तर उद्याच जा. ऐकण्यासाठी ‘बेरा’ (कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का, ते पाहणारी तपासणी) करून घ्या. नुसत्या ‘ओएई’त, म्हणजे फक्त आतल्या कानाच्या तपासणीत, ऐकण्याच्या नसेचा दोष नजरेतून सुटू शकतो.

पुढे लक्ष ठेवा : सुधारित चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट राहिल्या तर दाखवा. वर्षाच्या आत एकच हात वापरू लागली तर ‘डावखुरी असेल’ म्हणून सोडू नका, दुसरा हात तपासून घ्या.