एसपी जाऊन आयुक्त आले की नेमकं काय बदलतं?

प्रश्न असा आहे: तालुका नव्या पोलीस आयुक्तालयात जाणार अशी चर्चा आहे. पोलीस अधीक्षकांच्या जागी आयुक्त आले की सामान्य माणसाला काय फरक पडतो, आणि ‘आयुक्तांना जास्त अधिकार असतात’ म्हणजे कोणते? मी फौजदारी वकिली करतो. ग्रामीण भागात प्रांत (उपविभागीय दंडाधिकारी) आणि तहसीलदारांपुढे, आयुक्तालयात एसीपी (सहायक आयुक्त) आणि डीसीपींपुढे (उपायुक्त), दोन्हीकडे उभा राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काय बदलत नाही ते. गुन्हा नोंदवणं, तपास, अटक, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणं हे सगळं १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालतं, त्याआधी सीआरपीसीप्रमाणे चालायचं. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला हे अधिकार थेट कायद्याने दिलेत. वर एसपी असोत की सीपी, त्यात काडीचाही फरक नाही. ठाणं तेच, ठाणे अंमलदार तोच, स्टेशन डायरी तीच. पदनामं बदलतात: उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याच्या जागी विभागाचे सहायक आयुक्त येतात, त्यांच्यावर परिमंडळाचे उपायुक्त. एलसीबीचं (जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेचं) काम आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेकडे जातं. एसपी परिक्षेत्राच्या विशेष महानिरीक्षकांना जबाबदार असतात, आयुक्त थेट महासंचालकांना.

खरा फरक आहे तो सही कोणाची चालते यात.

आधार आहे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा (जुनं नाव मुंबई पोलीस अधिनियम). त्याच्या कलम १७ प्रमाणे जिल्ह्याचं पोलीस दल जिल्हादंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे कलेक्टरच्या नियंत्रणाखाली असतं. रोजचा कारभार एसपीच बघतात, बदल्या आणि तपासात कलेक्टर पडत नाहीत; पण लोकांच्या हालचालींवर बंधन घालणारे प्रतिबंधात्मक आदेश बहुतांशी महसूल अधिकाऱ्यांच्या सहीने निघतात. जमावबंदी (संहितेचं कलम १६३, पूर्वीचं १४४) किंवा पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश हवा असेल तर पोलीस अहवाल पाठवतात आणि आदेश कलेक्टर किंवा त्यांचे अधिकारी काढतात. शस्त्र परवानाही कलेक्टर कचेरीतून मिळतो. शांततेसाठी बंधपत्र घेण्याची कारवाई, जिला आपण सगळे चॅप्टर केस म्हणतो, ती तहसीलदारांपुढे चालते.

आयुक्तालयात ही सगळी कामं पोलिसांच्याच इमारतीत होतात. ३७ चा आदेश पोलीस काढतात, शस्त्र परवाना आयुक्तालय देतं, चॅप्टर केस विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून एसीपी चालवतात. मागणारं खातं आणि देणारं खातं एकच होतं. ‘जास्त अधिकार’ म्हणतात ते हे.

(दंगल उसळली तर कलेक्टरच्या आदेशाची वाट बघावी लागते हा मात्र गैरसमज आहे. बेकायदा जमावाला पांगायचा हुकूम ठाण्याचा प्रभारी अधिकारीही देऊ शकतो, ग्रामीण भागातसुद्धा.)

तडीपारीचं उदाहरण घ्या, तिथे फरक स्पष्ट दिसतो. पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली ठाणं प्रस्ताव करतं: गुन्ह्यांची यादी, प्रतिबंधक कारवायांची यादी, आणि नाव गुप्त ठेवलेल्या साक्षीदारांचे जबाब. कलम ५९ ची नोटीस निघते, त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी मिळते आणि मग जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी हद्दपारीचा आदेश होऊ शकतो. ग्रामीण भागात हा प्रस्ताव साधारणपणे प्रांतांकडे जातो. माझ्या पाहण्यातल्या एका फाइलवर प्रांतांनी पेन्सिलने दोन गुन्ह्यांपुढे खुणा केल्या होत्या. दोन्हींत तो माणूस निर्दोष सुटला होता, तरी ते यादीत होते. शिवाय शेवटचा गुन्हा आणि प्रस्ताव यांत इतकं अंतर का पडलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फाइल खुलाशासाठी परत गेली. अशी नजर प्रत्येक प्रांताची असते असं मी म्हणणार नाही, कित्येक आदेश पोलिसांच्या प्रस्तावाची नक्कल असतात. पण ती फाइल दुसऱ्या खात्याच्या टेबलावरून जाते, एवढी सोय तरी असते.

आयुक्तालयात ठाण्याचा प्रस्ताव, एसीपींची चौकशी, डीसीपींचा आदेश, सगळं एका साखळीत. झोपडपट्टी गुंडांवरच्या १९८१ च्या कायद्याखालची स्थानबद्धता तर आयुक्त स्वतःच काढतात. तिला निदान शासनाची मान्यता आणि सल्लागार मंडळाची तपासणी असते. तडीपारीला तसं काही नाही, ३० दिवसांत शासनाकडे अपील एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तडीपारी हा असाधारण उपाय असल्याचं सांगून आदेश रद्द केला. पूर्ण दोन वर्षांसाठी माणसाला बाहेर काढायचं तर तेवढा काळ का, हे आदेशात दिसलं पाहिजे, असंही बजावलं. तो आदेश प्रांताच्या सहीचा होता, तेव्हा सही कोणाची का असेना, कारणं मागायला शिका.

माझं मत विचाराल तर मोठ्या शहराला आयुक्तालय लागतंच. लाखोंची मिरवणूक चालू असताना बंदोबस्ताचा निर्णय एक माणूस घेणार आणि मनाई आदेश दुसऱ्या कचेरीतून येणार, हे तिथे परवडत नाही. मुंबईला १८६४ पासून पोलीस आयुक्त आहेत ते उगाच नाही. मात्र निम्मं ग्रामीण असलेल्या तालुक्याला केवळ प्रतिष्ठेपोटी आयुक्तालय मागणं मला पटत नाही. जी सुनावणी दुसऱ्या खात्यापुढे होत होती ती आपण सोडून देतो आणि बदल्यात काय मिळतं हे कोणी विचारत नाही.

तेव्हा विचारायचं ते मनुष्यबळाबद्दल. आयुक्तालय जाहीर झालं म्हणून पोलीस आकाशातून पडत नाहीत. पिंपरी-चिंचवड २०१८ मध्ये पुणे शहर आणि पुणे ग्रामीणची ठाणी घेऊन उभं राहिलं, मीरा-भाईंदर वसई-विरार २०२० मध्ये ठाणे ग्रामीण आणि पालघरची घेऊन. म्हणजे सुरुवातीला शेजारच्या घटकांतूनच माणसं आणि गाड्या वर्ग होतात, आणि जो ग्रामीण जिल्हा मागे उरतो त्याचं दल रोडावतं. ठाण्यात मोजकीच हत्यारं असतात, बाकीचं शस्त्रागार, दंगल नियंत्रण पथक, बॉम्ब शोधक पथक, श्वान पथक, मोटार परिवहन आणि नियंत्रण कक्ष हे सगळं मुख्यालयाच्या जिवावर चालतं. नव्या आयुक्तालयाला ते मुख्यालय उभारावं लागतं. त्यामुळे लोकप्रतिनिधींना गाठाल तेव्हा मंजूर पदं किती, भरलेली किती, मुख्यालयाची जागा ठरली का, एवढं नक्की विचारा.

शेवटी कामाची गोष्ट. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे ती लेखी स्वरूपात एसपींकडे टपालाने पाठवता येते. आयुक्तालय झाल्यावर तोच अर्ज परिमंडळाच्या डीसीपींच्या नावे करा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, तो मार्ग दोन्हीकडे सारखाच आहे. आणि घरात कोणाला कलम ५९ ची नोटीस आली तर ‘सुनावणीला जाऊन काय होणार’ म्हणत बसू नका. तारखेला हजर राहा, निर्दोष सुटलेल्या प्रकरणांच्या निकालाच्या प्रती लेखी म्हणण्यासोबत जोडा आणि पोच घ्या. अपिलात आणि उच्च न्यायालयात तीच कागदं उपयोगी पडतात.