परदेशी जाताना विणकाम सोबत न्यावं का?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी लवकरच परदेशी जायचंय, तर विणकाम-भरतकामाचं सामान न्यावं की कुणाला देऊन टाकावं, आणि तिकडे या कामाला वेळ अन् मैत्रिणी मिळतील का. मी बरीच वर्षं बाहेर राहते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सामान न्याच, पण निवडून. अर्धवट राहिलेलं काम सगळ्यात आधी बॅगेत टाका आणि ते पुरं होईल इतकी लोकर आत्ताच घेऊन ठेवा. गुंड्याच्या पट्टीवर डाय लॉटचा, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक असतो. तो बदलला की छटा थोडी तरी बदलते, आणि स्वेटरच्या पाठीवर तो जोड लगेच डोळ्यांत भरतो. भरतकामाच्या दोऱ्याची ही चिंता नाही. डीएमसी या कंपनीचा 310 नंबरचा दोरा कुठेही काळाच, त्यामुळे नंबर वहीत उतरवून नेलेत तरी चालेल. विणकामाच्या सुयांचं माप मात्र मिलिमीटरमध्येच टिपा. जुन्या ब्रिटिश मापाची 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, तर अमेरिकी 8 नंबरची 5 मिलिमीटरची असते. क्रोशाचा नमुना घेतानाही तो कुठल्या पद्धतीचा आहे ते बघा. अमेरिकी नमुन्यातला सिंगल क्रोशे ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे असतो. 230 व्होल्टचं शिलाई मशीन 120 व्होल्टच्या देशात नेऊ नका, नुसता प्लग बदलून भागत नाही.

विमानात विणायचं असेल तर विमान कंपनीचे आणि विमानतळाचे नियम आधी वाचा. शिवाय चालू ओळीच्या सगळ्या टाक्यांतून एक जाड दोरा ओवून ठेवा. सुया काढून घेतल्या तरी टाके सुटणार नाहीत.

वेळेचं आणि मैत्रिणींचं मात्र जरा सावकाश सांगते. नव्या जागी साधी कामंसुद्धा सकाळ खातात. कुठल्या खिडकीशी जायचं, कुठला कागद लागतो, काहीच माहीत नसतं. निवांत संध्याकाळ मिळाली की विणू असं ठरवलंत, तर सुया महिनोन् महिने कपाटात राहतील. मोठं काम घरी ठेवा आणि पिशवीत मोज्यासारखं छोटं काम कायम असू द्या.

माझा सुट्टीचा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी मैत्रीण येते. आम्ही दोघींची कामं एकत्रच उरकतो: माझं पार्सल, तिची औषधं, वाचनालयाची पुस्तकं, एखादी चेन किंवा बटणं. रांगेत एक उभी राहते, दुसरी बाकावर बसून विणते, मग अदलाबदल. दुपारी तिच्या घरी खिडकीपाशी बसतो. ती टाके मोजत असली की मी गप्प असते, मी मोजत असले की ती. दिवस संपताना कधी टाच वळलेली असते, कधी चार बोटं शाल वाढलेली असते. मला हा वेग मनापासून आवडतो. भराभर होणारं काम असतं तर इतका वेळ एकमेकींजवळ बसायचं कारणच उरलं नसतं.

ही मैत्रीण वाचनालयातल्या विणकामाच्या गटात भेटली. सुरुवातीला मला त्यांचं भरभर बोलणं कळायचं नाही, पण हात बघून सगळं कळायचं. कुणी लोकर डाव्या हातात धरतं, कुणी उजव्या. टाका तोच पडतो. तिनं माझ्या शालीची कड कशी केली ते विचारलं, मी तिच्याकडून मोज्याची टाच शिकले. घरी बोलावणं यायला मात्र बराच काळ गेला. तेव्हा पहिल्या महिन्यात कुणी जवळ आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका, त्याच वारी, त्याच वेळी जात राहा. आपली भाषा बोलणारी माणसं जरूर शोधा, पण फक्त त्यांच्यातच राहू नका. हातकाम करणारी माणसं अनोळखी बाईलाही शेजारी जागा करून देतात, हा माझा अनुभव आहे.

एक राहिलं. घर बघाल तेव्हा खिडकीतून उजेड किती येतो ते बघा. थंड देशांत हिवाळ्याचा दिवस फार लहान असतो, आणि गडद लोकरीचे टाके दिव्याखाली नीट दिसत नाहीत. जवळपास विणकामाचा गट कुठे भरतो ते निघण्याआधीच शोधा, आणि सामान लावून होण्याची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन बसा.