नेपोलियनच्या पदकाच्या कडेवर मधमाशी आहे, म्हणजे ते 1805 सालचेच ना?

तुमचा प्रश्न असा: ऑनलाइन लिलावात ऑस्टरलिट्झच्या लढाईचे तांब्याचे पदक आले आहे, त्यावर 1805 च्या लढाईचा उल्लेख आहे, कडेवर बारीक मधमाशी आणि एक फ्रेंच शब्द आहे. विक्रेता सांगतो की मधमाशी हे नेपोलियनचे चिन्ह, म्हणून पदक त्याच्याच काळातले. घ्यावे का, आणि असा संग्रह सुरू करायचा तर आधी काय शिकावे?

मधमाशी नेपोलियनचे चिन्ह होते, हे खरे. पण कडेवरची मधमाशी हा पॅरिसच्या टांकसाळीचा शिक्का आहे आणि तो 1860 ते 1879 या काळात वापरात होता. म्हणजे तुमच्या समोरचे पदक लढाईनंतर किमान 55 वर्षांनी काढलेले आहे. ते बनावट नव्हे, त्याच टांकसाळीने पुन्हा काढलेले आहे. संग्राहक याला रिस्ट्राइक म्हणतात. पॅरिसची टांकसाळ जुने ठसे जपून ठेवते आणि मागणी असेल तशी त्यावरून पदके काढून विकते. म्हणून पदकावरची तारीख ही घटनेची तारीख समजायची. पदक कधी निघाले ते कड सांगते.

पॅरिसच्या कडेवरच्या खुणा वहीत उतरवून ठेवा:

1832 च्या आधी: खूण नाही, कड कोरी
1832 ते 1841: जुन्या पद्धतीचा तेलाचा दिवा
1841 ते 1842: जहाजाचा नांगर आणि त्यात गुंफलेले सी अक्षर
1842 ते 1845: जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक
1845 ते 1860: बोट दाखवणारा हात
1860 ते 1879: मधमाशी
1880 पासून पुढे: फळाफुलांनी भरलेले शिंग

खुणेशेजारी धातूचे नाव असते. सी-यू-आय-व्ही-आर-ई म्हणजे तांबे, ए-आर-जी-ई-एन-टी म्हणजे चांदी. ब्राँझ हा शब्द बहुतेक शिंगाच्या खुणेबरोबर दिसतो. विसाव्या शतकातल्या पुष्कळ रिस्ट्राइकवर शेजारी सालही असते, तिथे तर वादच मिटतो.

आता याची दुसरी बाजू. खूण आहे म्हणून पदक रिस्ट्राइकच, असे नाही. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनाच्या पदकावर हात असेल, 1867 च्या प्रदर्शनाच्या पदकावर मधमाशी असेल, 1889 च्या पदकावर शिंग असेल, तर ते त्या काळातलेच असण्याला काही अडचण नाही. घटनेचे साल आणि खुणेचा काळ जुळतो का, एवढेच पाहायचे. खाजगी कारखान्यांच्या पदकांवर यातले काहीच नसते. त्यामुळे कोरी कड दिसली की लगेच हुरळून जाऊ नका.

कोरी कड खरी की घासून कोरी केलेली, हे पाहायला दहा पट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग पुरते. नेपोलियनच्या काळात पदक स्क्रू-प्रेसवर पुन्हा पुन्हा दाबून, मध्ये तापवून नरम करून काढत आणि शेवटी कड हाताने कानशीने साफ करत. त्यामुळे अस्सल कडेवरही कानशीचे ओरखडे असतात. पण त्या ओरखड्यांवर बाकी पदकासारखाच तपकिरी रंग चढलेला असतो. ओरखडे ताजे, लालसर, चकचकीत असतील, किंवा कडेचा एकच तुकडा किंचित चपटा लागत असेल, तर तिथे काहीतरी होते आणि कोणीतरी ते उडवले आहे. व्हर्नियर कॅलिपरने चार-पाच दिशांनी व्यास मोजा, घासलेल्या जागी तो कमी भरतो.

‘देनों दिरेक्सित’ (देनोंच्या देखरेखीखाली) किंवा त्याचे संक्षिप्त रूप दिसले म्हणून पदक जुने ठरत नाही. विव्हां देनों 1803 पासून पदकांच्या टांकसाळीचा प्रमुख होता, आंद्रियू, ब्रने, द्रोझ, गाल वगैरे कोरक्यांचे काम त्याच्या देखरेखीखाली चाले, म्हणून त्याचे नाव ठशातच कोरलेले असे. ठसा तोच वापरला की नावही तसेच उमटते. त्यापेक्षा ठशाची अवस्था पाहा. पडून राहिलेल्या ठशाला गंज चढून खड्डे पडतात आणि ते पदकावर बारीक पुरळासारखे वर आलेले दिसतात. ठशाला तडा गेला की पदकावर उंच रेघ उठते. ठसा पुन्हा पॉलिश केला की केसांच्या बटा आणि लॉरेलच्या पानांची टोके पुसट होतात.

ओतीव नकलेचे लक्षण याच्या उलट असते. तिथे पुरळ नसते, बारीक खळगे असतात आणि अक्षरांचा बुंधा मऊ, गोलसर दिसतो. साच्यात ओतलेला धातू थंड होताना साधारण दीड टक्का आकसतो. म्हणून 40 मिमीच्या पदकाची नक्कल 39.4 मिमीच्या आसपास भरते. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने पैसे वाचतात, तेव्हा शाळेची पट्टी घेऊन बसू नका.

धातूची शंका असेल तर घनता काढा, त्याला पदकावर ओरखडा मारावा लागत नाही. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. आधी पदक कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, असे धरा. काट्यावर दिसेल त्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा. कोरडे 38.40 आणि पाण्यात 4.32 आले, तर उत्तर 8.89, म्हणजे तांबे. चांगली चांदी 10.3 ते 10.4, कथील 7.3, जस्त 7.1, शिसे 11.3. पदकाला चिकटलेला एखादा बुडबुडासुद्धा उत्तर बिघडवतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. दोन पातळ पत्रे जोडून मध्ये शिसे भरलेल्या नकला यात सहज उघड्या पडतात, त्यांचा सांधाही कडेवर दिसतो. पाणी फक्त तांबे, ब्राँझ, चांदीसाठी. हिरवी भुकटी सुटत असेल तर ही चाचणी करू नका.

फ्रान्सबाहेर हे नियम चालत नाहीत, तिथे प्रत्येक पदकाची वेगळी खोच असते. उदाहरणार्थ जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या लुसिटानिया या ब्रिटिश प्रवासी जहाजाचे कार्ल ग्योट्झने काढलेले जर्मन पदक. जहाज बुडाले 7 मे 1915 ला, त्याने चुकून 5 मे कोरले आणि पुढे दुरुस्त केले. जहाज बुडवायचे आधीच ठरले होते असे दाखवायला ब्रिटिशांनी ती चूकच प्रचारासाठी उचलली आणि लोखंडात सुमारे 3 लाख नकला काढून पेटीत घालून विकल्या. मूळ पदकावर महिना जर्मनमध्ये, एम-ए-आय असा. ब्रिटिश नकलेवर एम-ए-वाय. बाजारात मिळते ते बहुतेक वेळा दुसरे.

जपणुकीबद्दल. चिंच, लिंबू, पितांबरी यांतले काहीही पदकाला लावू नका. तो चॉकलेटी थर म्हणजे मळ नव्हे, टांकसाळीने मुद्दाम दिलेला रंग आहे. घासून एकदा गुलाबी तांबे उघडे पडले की मूळ रंग परत येत नाही आणि किंमत कोसळते. कोरड्या मऊ ब्रशपलीकडे जाऊ नका. पदक कडेनेच धरा, घामातले मीठ तांब्याला लागते. फिकट हिरवी भुकटी काढल्यावर पुन्हा येत असेल तर तो ब्राँझचा रोग. ते पदक आधी बाकीच्यांपासून वेगळे, कोरड्या डब्यात ठेवा. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे टाळा. शिशाची पदके ओक लाकडाच्या पेटीत ठेवली तर लाकडातल्या आम्लाच्या वाफेने पांढरी पडून भुरभुरतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवाबंद प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल लागतेच, जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते.

परदेशातून मागवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तू पुरावस्तूंत मोडतात आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ‘आवडले नाही तर परत करा’ ही विक्रेत्याची सवलत इथे धरून चालू नका, खात्री पैसे भरण्याआधीच करायची.

तुमच्या पदकाचे म्हणाल तर रिस्ट्राइकच्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या. मधमाशीच्या काळातले काम सहसा देखणे असते आणि हाताळायला शिकण्यासाठी त्याहून बरे पदक नाही. 1805 च्या भावात अजिबात नको. विक्रेत्याकडून पूर्ण कडेचे, फिरवत घेतलेले चार फोटो, ग्रॅममधले वजन आणि दशांशापर्यंतचा व्यास मागा. कडेचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.