१६ केबी पेज साइझच्या फोनवर ॲप चालेल का, हे तसा फोन नसताना कसं तपासायचं?

पेज साइझ म्हणजे फोन मेमरीचे जे तुकडे पाडून वापरतो, त्या एका तुकड्याचा आकार; आजवर तो सहसा ४ केबी (४०९६ बाइट) असायचा. तपासण्यासाठी फोन विकत घ्यायची गरज नाही. अँड्रॉइड स्टुडिओच्या एमुलेटरसाठी (संगणकावरच्या आभासी फोनसाठी) १६ केबीची वेगळी सिस्टिम इमेज मिळते, ती उतरवून त्यावर ॲप चालवा. कोणाकडे पिक्सेल ८ असेल तर आणखी बरं. अँड्रॉइड १५च्या पुढच्या अपडेटनंतर त्याच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्येच १६ केबीवर बूट करायची सोय आहे. पेज साइझ विचारल्यावर ४०९६ऐवजी १६३८४ असं उत्तर आलं की समजा, आपण योग्य ठिकाणी आहोत.

त्याआधी एक काम करा. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये ॲपची फाइल उघडा आणि लिब फोल्डरमध्ये .एसओ फाइली (सी/सी++मधून तयार झालेला नेटिव्ह कोड) आहेत का बघा. ‘आमचं ॲप शुद्ध कोटलिनचं आहे, आम्हाला काय!’ म्हणणारे इथेच फसतात. स्वतः सी++ची एक ओळ लिहिलेली नसते, पण फोटोची किंवा डेटाबेसची कुठलीतरी जुनी लायब्ररी आपल्या .एसओ फाइली गुपचूप घेऊन आलेली असते. ती ४ केबीवर अलाइन केलेली, म्हणजे ४ केबीच्या तुकड्यांच्या हिशेबाने मांडलेली असेल, तर ॲप उघडताक्षणीच कोसळू शकतं. लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या; स्वतःचा नेटिव्ह कोड असेल तर एनडीके (अँड्रॉइडसाठी सी/सी++ कोड बिल्ड करायचं साधन) आर२८ने पुन्हा बिल्ड करा, त्यात १६ केबी अलाइनमेंट आपोआप होते. मात्र कोडमध्ये कोणी ४०९६ हा आकडा थेट ठोकून ठेवला असेल, तर तो हातानेच शोधावा लागेल.

आणि हे टाळता येणार नाही: अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेल्या ॲप्ससाठी १ नोव्हेंबर २०२५पासून प्ले स्टोअरने १६ केबीवर चालण्याची अटच घातली आहे.