लग्न न करता इंग्लंडमध्ये मुलगी झाली, आता आम्ही वेगळे झालो. बाप म्हणून मला तिचा ताबा मागता येईल का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पार्टनर व्हिसावर (जोडीदारामुळे मिळालेल्या व्हिसावर) आहात, मुलीची आई ब्रिटिश आहे, मुलगी तीन वर्षांची आहे, आणि घरचे म्हणतायत, "लग्नच नाही तर तुझा हक्क कसला?" सहा वर्षांपूर्वी मलाही पुण्याहून फोनवर हेच ऐकवलं गेलं. ते खरं मानून मी चार महिने गप्प बसलो. तुम्ही बसू नका.

आधी मुलीचा जन्मदाखला काढून बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ डिसेंबर २००३ पासून ज्या बापाचं नाव आईबरोबर दाखल्यावर नोंदलं गेलं, त्याला लग्न नसलं तरी 'पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी' मिळते. म्हणजे शाळा, मोठे उपचार, परदेशी नेणं यांत तुमचाही शब्द लागतो. नाव नसेल तर आईशी ठरलेल्या नमुन्यात करार करून तो कोर्टात नोंदवता येतो; ती तयार नसेल तर कोर्टाकडे अर्ज करता येतो. घरच्यांच्या डोक्यात बहुधा भारतातला १९५६ चा हिंदू पालकत्वाचा कायदा असेल. त्यात लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर बाप. पण तुमची मुलगी इथे राहते, त्यामुळे निवाडा १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणे होईल.

आणि 'ताबा' हा शब्द मनातून काढा. मूल कोणाकडे राहील आणि दुसऱ्याला कधी भेटेल, एवढंच कोर्ट ठरवतं. त्याला 'चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर' म्हणतात. अर्ज सी-१०० फॉर्मवर करायचा. त्याआधी सहसा मध्यस्थाची एक बैठक घ्यावी लागते. घरगुती छळाचं प्रकरण असेल तर तीतून सूट मिळते. माझ्या वेळी कोर्टासाठी अहवाल लिहिणाऱ्या बाईंनी पगार विचारला नाही. मुलगा रात्री कशाने दचकतो, दवाखान्यात त्याला कोण नेतं, हे विचारलं. मला उत्तरं येत होती, आणि त्याचाच उपयोग झाला.

व्हिसाचं काम वेगळं आणि जास्त घाईचं. नातं संपलं की पार्टनर व्हिसाचा आधार जातो, आणि होम ऑफिसला, म्हणजे इथल्या गृहखात्याला, ते कळवावं लागतं. पण मुलगी ब्रिटिश आहे, म्हणून 'पॅरेंट' म्हणून अर्ज करायची वाट आहे. ती आईकडे राहत असली तरी तुमची तिच्याशी प्रत्यक्ष भेट होते आणि तिच्या संगोपनात तुमचा खरोखर वाटा आहे, हे दाखवावं लागतं. म्हणून भेटी तुटू देऊ नका. नर्सरीचं पत्र, जीपीचं (नेहमीच्या डॉक्टरांचं) पत्र, आईशी झालेले मेसेज, पाठवलेले पैसे, सगळं तारखेनिशी जपा. सल्ला मात्र सरकारी नोंदणी असलेल्या इमिग्रेशन सल्लागाराचाच किंवा वकिलाचाच घ्या, समाजाच्या ग्रुपवरचा नको.

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून मी हे लिहायला बसलो: "तिला महिनाभर साताऱ्याला घेऊन जाऊ का, पुढचं पुढे बघू." कृपा करून असं करू नका. आईच्या किंवा कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीला देशाबाहेर नेणं हा इथल्या १९८४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असं परदेशी नेलेली मुलं परत मिळवण्याचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे इथले न्यायाधीश भारताचं नाव निघालं की आणखी सावध होतात. रीतसर परवानगी मागितली तर परतीची तिकिटं, लेखी हमी, कधी अनामत रक्कम अशा अटींवर ती मिळू शकते. पण एकदा न विचारता नेलंत, तर पुढे तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?

आजीला नात बघायचीच असेल, तर तिलाच इकडे बोलवा. व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. माझी आई आली तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. पहिल्याच सोमवारी तो तिचं बोट धरून शाळेच्या फाटकापर्यंत तिला घेऊन गेला.